जुन्या घड्याळांचा संग्रह: पारखायचा कसा, जपायचा कसा आणि चारचौघांत दाखवायचा कसा

आपल्याकडे घड्याळांचा संग्रह सहसा दुकानात सुरू होत नाही. तो घरातच कुठेतरी पडून असतो. आजोबांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं एचएमटी, वडिलांना लग्नात सासरकडून आलेलं एचएमटीचंच सोनेरी ‘कांचन’, मस्कतला असलेल्या काकांनी सुट्टीत आणलेलं सीको ५. कपाटाच्या लॉकरात, देवघराच्या खणात, शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर. म्हणून ज्याला हा नाद लावून घ्यायचा आहे त्याने पहिले दोन महिने एक रुपयाही खर्च करू नये. आधी नातेवाइकांकडे फेरी मारावी.

सापडलेलं घड्याळ हातात आल्यावर प्रत्येक जण एकच गोष्ट करतो, ती म्हणजे कराकरा किल्ली देणं. ते करू नका. वीस वर्षं पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. किल्लीचे चार-पाच हलके फेरे द्या आणि सेकंदकाटा हलतो का ते बघा. हलला तर आनंद आहे, पण लगेच हातात बांधून ऑफिसला निघू नका. कोरड्या मशीनमध्ये चाकांच्या आसांची झीज होते, ती बाहेरून दिसत नाही. नाही हलला तर जोर लावू नका, घड्याळ उलटसुलट आपटू नका, झाकण सुरीने उचकटू नका. ते सरळ घड्याळजींकडे जाऊ दे.

त्याआधी एक काम मात्र आजच करा. ज्यांचं घड्याळ आहे ती व्यक्ती हयात असेल तर तिच्याशेजारी बसा आणि विचारा: कुठे घेतलं, किती साली, कोणी दिलं, पट्टा कधी बदलला, दुरुस्तीला कोणाकडे जायचं. सगळं वहीत उतरवा. जुनं बिल किंवा लग्नातला फोटो निघाला, ज्यात मनगटावर तेच घड्याळ दिसतंय, तर त्याची प्रत काढून घड्याळाबरोबर ठेवा. पुढे हजारो रुपये मोजून घेतलेल्या घड्याळालाही असा पुरावा मिळत नाही.

कशाचा संग्रह करायचा

‘मिळेल ते’ हा संग्रह नसतो, ते सामान असतं. एखादा धागा धरा. माझं मत विचाराल तर नवख्याने एचएमटीपासूनच सुरुवात करावी, कारण भाव आवाक्यातले आहेत, सुटे भाग अजून मिळतात आणि साध्या घड्याळजीलाही हे मशीन पाठ असतं.

थोडी पार्श्वभूमी. यंत्रं बनवणाऱ्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि नैनिताल जिल्ह्यातलं राणीबाग इथेही कारखाने झाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवाहर, चिनार, बायकांसाठी सुजाता, ऑटोमॅटिकमध्ये (हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणाऱ्या घड्याळांत) कांचन आणि रजत अशी नावं घरोघरी पोचली. ‘देश की धड़कन’ ही त्यांची जाहिरात ज्यांना आठवते त्यांना लग्नाच्या याद्यांमधलं कांचनचं स्थानही आठवत असेल. मग स्वस्त आणि न चुकणारी क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारी घड्याळं आली, १९८४ मध्ये स्थापन झालेली टायटन आली, आणि एचएमटीचा घड्याळ विभाग मागे पडत गेला. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तो बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. भाव चढायला लागले ते या बंद होण्याच्या बातम्यांनंतर, आणि बनावट माल वाढला तोही तेव्हापासूनच.

या एकाच कंपनीत कितीतरी धागे आहेत. फक्त जनता घ्या: पांढरी डायल, काळी डायल, रोमन आकडे, आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे देवनागरी आकड्यांची. किंवा फक्त काळ्या डायलची पायलट. किंवा घरातल्या प्रत्येकाच्या जन्माच्या आसपासचं एकेक घड्याळ.

कोकणातल्या घरांसाठी वेगळाच धागा आहे. रत्नागिरी, रायगडकडची माणसं आखातात गेली आणि येताना सीको ५, सिटिझन ऑटोमॅटिक घेऊन आली. अशा सीकोची किल्ली फिरवून वार बदलून बघा. इंग्रजीबरोबर अरबीत वार उमटला, तर घड्याळ आखाती बाजारासाठी बनलेलं आहे. एचएमटीच्या काही वार-तारीखवाल्या घड्याळांत तिथेच हिंदी वार येतात. खिसा जरा भारी असेल तर जुन्या मुंबईत विकली गेलेली स्विस घड्याळं आहेत. फाव्र-ल्यूबा कंपनीचा हिंदुस्थानातला व्यापार १८६५ पासूनचा, तर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव १८८६ मधलं, खास इथल्या गिऱ्हाइकासाठी घेतलेलं. या दोन नावांपासून मात्र पहिलं वर्षभर लांबच राहा. खोट्या डायलचा सुळसुळाट तिथे जास्त आहे आणि चूक महागात पडते.

बाजारात उभं राहून घड्याळ कसं बघायचं

पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार, कुठेही जा, पण सोबत तीन वस्तू न्या: दहापट मोठं दाखवणारा आयग्लास, छोटी बॅटरी आणि मऊ सुती फडकं. दुपारी गर्दीत जाण्यापेक्षा सकाळी लवकर जा. एक तर माल निवडून गेलेला नसतो, आणि विक्रेत्याकडे तुम्हाला घड्याळ नीट हाताळू देण्याएवढा वेळ असतो.

समजा, चादरीवर मांडलेल्या ढिगातून एक जनता उचलली. पहिलं काम काच पुसायचं. धूळ आणि ओरखड्यांमुळे खालची डायल झाकली जाते आणि विक्रेत्याला तेच हवं असतं. ओरखड्यांनी मात्र घाबरू नका. ही काच अ‍ॅक्रिलिकची असते, घासून लख्ख होते, नवी बसवली तरी फार पैसे लागत नाहीत.

आता आयग्लास डोळ्याला लावा आणि डायलवर बॅटरी तिरपी धरा. कंपनीची छपाई बारीक आणि कडेला धारदार असते. अक्षरांची पोटं भरलेली दिसली, ‘जनता’मधली रेघ एकीकडे जाड नि एकीकडे बारीक असली, मिनिटांच्या खुणा सारख्या अंतरावर नसल्या, तर डायल परत रंगवलेली आहे. डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या आकड्याजवळ, बारीक अक्षरांची ओळ असते. रंगवणारे ती बहुधा गाळतात, नाहीतर तिचा चिखल करतात. उलट, जुन्या खऱ्या डायलवर थोडी पिवळट छटा, एखादा तपकिरी ठिपका, कडेला किंचित काळवंडलेपण असणारच. ते दोष मानू नका.

मग काटे. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचायला हवं, तासकाट्याचं आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत. आखूड किंवा फार लांब काटे म्हणजे दुसऱ्या घड्याळाचे. किल्ली बाहेर ओढून काटे पूर्ण बारा तास फिरवा. कुठे एकमेकांना अडतात का, सेकंदकाटा घासतो का ते दिसेल. किल्ली आत ढकलल्यावर ती नीट बसली पाहिजे, लुळी पडता कामा नये.

पाच-सहा फेरे किल्ली देऊन घड्याळ कानाला लावा. एचएमटीच्या हाताने किल्ली द्यायच्या सतरा ज्वेलच्या (झीज टाळायला बसवलेल्या बारीक खड्यांच्या) मशीनचे तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. ठोका स्वच्छ, एकसारखा हवा. लंगडल्यासारखा, टिक-टाकमधलं अंतर कमी-जास्त ऐकू आला तर बॅलन्समध्ये, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकात, गडबड आहे. डायल वर, डायल खाली, किल्ली वर, किल्ली खाली असं प्रत्येक बाजूला अर्धा-अर्धा मिनिट धरा. एका बाजूला चालतं आणि दुसऱ्या बाजूला थांबतं, तर बहुधा बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे त्याचा आस, झिजलाय. दुरुस्त होतं, पण तो खर्च भावातून वजा करायचा.

शेवटी झाकण उघडायला सांगा. विक्रेता ‘उघडत नाही साहेब’ म्हणाला तर घड्याळ खाली ठेवून पुढे चला. आत गंज दिसतो का, स्क्रूच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने खरवडलेल्या आहेत का, मशीनवर एचएमटीचा शिक्का आहे का, एवढं बघा. केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, सोनेरी असेल तर पट्टा अडकतो ती टोकं तपासा. सोन्याचं पाणी आधी तिथूनच उडतं आणि खालचं पितळ दिसायला लागतं.

‘मुंबई स्पेशल’

जगभरचे संग्राहक भारतातून जाणाऱ्या एका प्रकारच्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. जुन्या सीको, सिटिझन, कॅमी, रिको, फाव्र-ल्यूबाचं चालू मशीन घ्यायचं, केस पॉलिश करून गुळगुळीत करायची, वर भडक निळी, केशरी किंवा हिरवी नवी डायल चढवायची, मिळतील ते काटे लावायचे आणि ‘जुनं, पण नव्यासारखं’ म्हणून विकायचं. एचएमटीत यांचा भाऊबंद म्हणजे सैन्यदलाची चिन्हं, झेंडे, देवदेवता नाहीतर नेत्यांची चित्रं छापलेल्या डायली. काही संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बोधचिन्ह घातलेली खरी एचएमटी घड्याळं करून घेतली होती, त्यामुळे चिन्ह दिसलं की खोटंच असा नियम नाही. पण बाजारात चित्रवाली डायल दिसली की आधी संशय धरा.

ओळखायची सोपी खूण: केस झिजलेली आणि डायल मात्र काल छापल्यासारखी. साठ वर्षं घासल्या गेलेल्या घड्याळात डायल एकटीच तरुण कशी राहील?

सीकोच्या बाबतीत तर पुरावा घड्याळावरच कोरलेला असतो. झाकणावर दोन क्रमांक असतात. पहिला ‘७००९-’ असा सुरू होतो. त्यातले आधीचे चार आकडे मशीनचे, पुढचे केसचे. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत जो क्रमांक असतो त्याचेही पहिले चार आकडे मशीनशी जुळले पाहिजेत. डायलवर ६३०९ आणि झाकणावर ७००९ असेल तर दोन घड्याळं एकत्र आली आहेत. डायलवर क्रमांकच नसेल तर ती बहुधा बाजारातली आहे. झाकणावरचा दुसरा क्रमांक अनुक्रमांक. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, आणि दुसरा महिना: १ ते ९, मग ऑक्टोबरला ‘ओ’, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. म्हणजे ‘७एन’ने सुरू होणारं घड्याळ सातने संपणाऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरचं. ते १९७७ की १९८७ हे मॉडेल कोणत्या काळात निघत होतं त्यावरून ठरवायचं. काका मस्कतहून किती साली आले, हे वहीत लिहिलेलं असेल तर इथे ताळा लागतो.

डायल रंगवलेलं घड्याळ घेऊच नये असं मी म्हणत नाही. स्वस्तात मिळालं, रोज वापरायचं आहे, तर खुशाल घ्या. फक्त ते काय आहे हे माहीत असू द्या, आणि दाखवताना तसं सांगा.

घड्याळजींकडे काय सांगायचं

चांगला घड्याळजी शोधायला वेळ द्या. गल्लीच्या तोंडाशी काचेची पेटी घेऊन बसलेले काका अनेकदा मोठ्या शोरूमपेक्षा सरस निघतात, पण एक प्रश्न आधी विचारा: ‘मशीन पूर्ण उघडून धुणार ना?’ घाईत काही जण आख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून, फुंकून, वर तेलाचा थेंब सोडून देतात. घड्याळ आठवडाभर छान चालतं आणि मग आतली घाण तेलात मिसळून पुन्हा अडकतं. खरं सर्व्हिसिंग म्हणजे प्रत्येक चाक, पूल (चाकं वरून धरून ठेवणारी पट्टी), स्प्रिंग सुटं करून धुणं आणि ठरलेल्या जागीच, नखाएवढंही जास्त नाही, असं तेल देणं. त्याचे पैसे जास्त लागतात, ते द्यावेत. दर चार-पाच वर्षांनी पुरतं.

सोबत चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या. डायलला हात लावायचा नाही. केस पॉलिश करायची नाही. काटे बदलायचे नाहीत. बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत द्यायचा. काका हसतील, ‘अहो, जुनं काय करायचंय?’ म्हणतील. तरी पुडी मागून घ्या. खूप जणांकडून मायेपोटीच घड्याळाचं नुकसान होतं: वडिलांची आठवण म्हणून ‘नवीन करून द्या’ सांगतात आणि मूळ डायल कायमची जाते.

दुकानात टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, असेल तर आकडे विचारा. जुन्या एचएमटीला दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक मी चालवून घेतो. बॅलन्सचा झोका २५० अंशांच्या वर असेल तर तब्येत उत्तम, २०० च्या खाली गेला तर काम अर्धवट झालंय. टिक आणि टाकमधला फरक एक मिलिसेकंदाच्या आत हवा. मोबाइलच्या माइकवर चालणारी ॲप्सही हे आकडे देतात, फक्त खोलीतला पंखा बंद करा.

एक इशारा. १९६० च्या आधीच्या स्विस घड्याळांत अंधारात दिसणाऱ्या आकड्यांवर बरेचदा रेडियमचा रंग असतो. चमक कधीच गेलेली असते, किरणोत्सर्ग गेलेला नसतो. असं घड्याळ घरी उघडू नका आणि तो रंग खरवडू तर मुळीच नका. त्याची पूड श्वासात जाणं हा खरा धोका आहे.

पावसाळा आणि बाकीची जपणूक

आपल्या हवेत घड्याळाचा पहिला शत्रू दमटपणा. मुंबई, कोकण, गोव्यात जूनपासून चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी धरते. पावसाळ्याआधी चामडी पट्टे काढून वेगळे ठेवा आणि कापडी किंवा नायलॉनचे लावा. जनताला १८ मिलिमीटरचा पट्टा बसतो, सहज मिळतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात घड्याळं मऊ कापडात गुंडाळून ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारी पुडी घेतलीत तर ती कधी बदलायची हे तिच्याकडूनच कळतं.

झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराच्या रिंगवर विसंबून हात धुवायला जाऊ नका. काचेच्या आत धुकं दिसलंच, तर तांदळाच्या डब्यात घालून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी झाकण उघडून मशीन वाळवून घ्यावं लागतं. गंज लागायला एक रात्र पुरते.

दुसरा शत्रू चुंबक. मोबाइलचं चुंबकी कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर साधं होकायंत्र जवळ नेऊन बघा. सुई थरथरली की निदान झालं. घड्याळजी काही सेकंदांत चुंबकत्व काढून देतात.

किल्ली रोज सकाळी, घड्याळ हातातून काढून, शक्यतो एकाच वेळी द्यावी आणि अडलं की थांबावं. तारीखवाल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान किल्लीने झटपट तारीख बदलू नये. तारखेचे दाते त्या वेळी गुंतलेले असतात आणि तुटतात.

दाखवणं

फोटो काढताना डोक्यावरचा दिवा बंद करा आणि खिडकीशी बसा. फुगीर अ‍ॅक्रिलिक काचेत तुमचा चेहरा, मोबाइल, पंखा सगळं उमटतं. त्यावर उपाय म्हणजे काळा कार्डपेपर: मधोमध लेन्सपुरतं भोक पाडा आणि त्यातून फोटो काढा. काटे दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास ठेवले की वरचं नाव झाकलं जात नाही. मोबाइल फार जवळ नेऊ नका, काटे वाकडे दिसतात. थोडं लांबून झूम करा. समोरून एक, तिरपा एक, झाकणाचा एक आणि शक्य असेल तर उघड्या मशीनचा एक, असे चार फोटो म्हणजे घड्याळाची ओळख. अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे आणि घराचा पत्ता उघड करणारं काही फोटोत नको.

खाली लिहिताना सगळ्यांत कामाची ओळ ही: ‘केस, डायल, मशीन मूळ, काच, किल्ली आणि पट्टा बदललेला.’ जाणकार माणूस कौतुक करतो ते याच ओळीचं. बदललेला भाग लपवला की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी तो बोट ठेवून दाखवतो, आणि मग तुमच्या उरलेल्या चांगल्या घड्याळांकडेही लोक त्याच नजरेने बघतात.

प्रत्यक्ष भेटून मांडामांड करायची असेल तर चार-सहा जण, प्रत्येकी तीन घड्याळं, एवढंच ठेवा. सगळी पेटी आणली की कशाकडेच नीट बघणं होत नाही. टेबलावर जाडसर टर्किश टॉवेल अंथरा. अंगठ्या, कडी, धातूचे पट्टे काढून ठेवा. दुसऱ्याचं घड्याळ घेताना टेबलाच्या वरच धरा, मांडीवर नाही, आणि विचारल्याशिवाय किल्ली देऊ नका, काटे फिरवू नका. चहा दुसऱ्या टेबलावर. ‘केवढ्याला पडलं?’ हा प्रश्न मालकाने स्वतः विषय काढल्यावरच. आणि समोरच्याचं रंगवलेलं घड्याळ ओळखलंत, तरी ते त्याने वडिलांची आठवण म्हणून आणलेलं असेल तर चारचौघांत निवाडा करू नका. बाजूला घेऊन, त्याने विचारलं तरच सांगा.

जोडीला आपल्याकडे एकापेक्षा जास्त असलेली सारखी घड्याळं अदलाबदलीसाठी आणता येतात. त्या वेळी तीच ‘मूळ काय, बदललेलं काय’ची ओळ, सर्व्हिसिंगची तारीख आणि पुडीतले जुने भाग घड्याळाबरोबर द्या. घेणाऱ्याला आठ दिवस चालवून बघू द्या, आणि पैशांचा व्यवहार त्यानंतर करा.